गॉडफ्रीची खिडकीपट्टी

"खिडकी आहे! विटांच्या मागे आहे. मी सांगतो म्हणजे आहेच!" गॉडफ्री ॲम्बलकोटने टोस्टवर मार्मलेड थापत जाहीर केलं.

"अरे, आहे तर उघड ना एकदाची!" त्याची बायको हिलरी करवादली. "त्या शिवणाच्या खोलीत भरदिवसा रंग कळत नाहीत मला. कालच्या गोधडीत निळ्याच्या जागी काळा तुकडा शिवून बसलेय."

ॲम्बलकोटांचं घर इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या आमच्या रांगेतलं शेवटचं. चौथ्या जॉर्ज राजाच्या काळातली ही घरं, एकाला एक खेटलेली आणि एकाच साच्यातून काढलेली. शेवटच्या घराच्या बाजूच्या भिंतीत, वरच्या मजल्यावर एक दगडी चौकट आहे. चौकटीत विटा, आणि विटांवर काळ्या रंगाने काचा रंगवलेल्या. बाहेरून खिडकी, आतून नुसती भिंत! अशी खिडकी दिसली की बाथमधलं शेंबडं पोरही सांगतं, पूर्वी सरकार घरपट्टीसारखी खिडकीपट्टी घ्यायचं, म्हणून चिकटू मालकाने ती बुजवली. गॉडफ्री तर ही गोष्ट पाहुण्याने अंगातला कोट काढायच्या आत सांगायचा.

जुन्या घरात खिळा ठोकायलाही इथे काउन्सिलची परवानगी लागते. गॉडफ्रीने वर्षभर डोकं खाऊन ती मिळवली, आणि तीही आतून एक वीट काढून डोकावण्यापुरतीच. पण गॉडफ्री तो गॉडफ्रीच! त्याने अख्ख्या रांगेला शेरी प्यायला बोलावलं. ऑक्टोबरचा गारठा होता, म्हणून खाली दिवाणखान्यातल्या शेकोटीत स्वतःच्या हाताने ढीगभर लाकडं पेटवली आणि सगळ्यांना वर शिवणाच्या खोलीत नेलं.

"गॉडफ्री, नक्की ना?" शेजारच्या इमोजेन प्राउसबाईंनी विचारलं. "नाहीतर हात दाखवून अवलक्षण व्हायचं."

"इमोजेनबाई, या घराची वीट न् वीट मला ओळखते. तुम्ही फक्त डोळे सांभाळा, उजेडाने दिपतील."

हिलरीने शिवणाची खुर्ची आधीच भिंतीसमोर आणून ठेवली होती. तिला खरंच फार आनंद झाला होता. देखरेखीला आलेल्या काउन्सिलच्या मिस पेटिग्रूंनी मान डोलावली आणि गॉडफ्रीने छिन्नीवर हातोडा घातला.

वीट पलीकडे पडली आणि पडतच राहिली. खाली दिवाणखान्यात धप्पकन आवाज झाला. मग भोकातून धूर आला आणि धुरापाठोपाठ दोनशे वर्षांची काजळी.

"मिस्टर ॲम्बलकोट," मिस पेटिग्रू खोकत म्हणाल्या, "हे तुमच्या शेकोटीचं धुराडं आहे. इथे खिडकी कधी नव्हतीच. भिंत बाहेरून ओकीबोकी दिसू नये म्हणून बांधणाऱ्यानेच नुसती चौकट बसवलीय."

"मग पट्टी?"

"नसलेल्या खिडकीवर कसली पट्टी? आता भोक मुकाट्याने बुजवा. आणि बाहेरच्या रंगाला हात लावायचा नाही. तुमची खोटी खिडकी अस्सल आहे."

इथल्या रीतीप्रमाणे कोणी हसलं नाही. काळवंडलेल्या तोंडांनी शेरीची तारीफ करून सगळे निघाले. हसले ते आपापली दारं लावून. इमोजेनबाईंची आणि यांची भिंत एकच, त्यामुळे ऐकू यायचं ते आलंच.

हिलरीला रडू कोसळलं. मग तिने तोंड धुतलं, खुर्ची उचलली आणि तडक गॉडफ्रीच्या अभ्यासिकेत नेली. तिथे रस्त्याकडे उघडणाऱ्या, पुरुषभर उंचीच्या दोन खिडक्या. तिथेच तो गेली काही वर्षं या घराचा इतिहास लिहीत होता.

"हिलरी, अगं, माझी पुस्तकं..."

"माझ्या त्या अंधाऱ्या शिवणाच्या खोलीत हलव. इतिहास लिहायला उजेड लागत नाही, ते तू आजच दाखवलंस."

गॉडफ्री निमूटपणे हलला. पण गप्प बसेल तर तो कसला! पुढच्याच रविवारी त्याने दोन पाहुण्यांना त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं केलं.

"बघा," तो छाती काढून म्हणाला, "चौथ्या जॉर्जच्या काळातला अंधार! बांधल्यापासून आजवर उन्हाचा एक कवडसाही आत आलेला नाही."

या वेळी मात्र त्याचं एक अक्षरही खोटं नव्हतं.