बोरकुटे मास्तरांचे कान

आमच्या शाळेतल्या मुलाला इंग्रजी पुस्तक आवडलं की नाही, हे बोरकुटे मास्तर कानांनी ओळखत. त्या कानांवर विश्वास न ठेवण्याची चूक माझ्या हातून झाली. मी तेव्हा त्या शाळेचा हेडमास्तर होतो, आणि चूक करायला माणसाला जेवढा अधिकार लागतो तेवढा माझ्याकडे होता.

शाळा वैनगंगेच्या काठी, चांद्याहून बरीच आत, जंगलाला लागून. जंगलखात्यातला एक गोरा साहेब देश सोडताना आपलं इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट शाळेला देऊन गेला होता. पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून माझ्या आधीच्या हेडमास्तरांनी ते कुलूप लावून ठेवलं होतं, त्यामुळे ती फक्त वाळवीने वाचली. बोरकुटे मास्तरांनी मागे लागून किल्ली मिळवली आणि आठवीच्या मुलांना पुस्तकं वाटायला सुरुवात केली.

वाटायची रीत अशी. मुलगा समोर आला की मास्तर त्याला इंग्रजीचं एक अक्षर विचारत नसत. विचारत, "तुले कुत्र्याचं भेव लागते का? विहिरीत वाकून पायतं का? राग आला तं बोंबलतं, का गुमान बसतं?" एवढ्यावरून एक पुस्तक काढायचं, मुलाला कडुनिंबाखाली बसवायचं, त्याच्या खिशात मूठभर फुटाणे घालायचे. मग मास्तर त्याच्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसत.

मुलगा वाचू लागे. कुडुम, कुडुम, कुडुम. मास्तर मान हलवत. फुटाण्यांचा आवाज चालू राहिला की पुस्तक परत. "हे तुह्यं नाई. खाऊन राह्यला तू." दुसरं पुस्तक, पुन्हा फुटाणे. एखाद्या पुस्तकाशी कुडुम कुडुम हळू व्हायचं, मग थांबायचं. मुलाचा हात खिशातच विसरून राहायचा. तेव्हा मास्तर वळून न बघता उजव्या हाताचं एक बोट वर करत. निवड झाली.

शब्दकोश ते कोणाला देत नसत. "शब्द अडला तं तिथीच बसू नोको. पुढं चाल. परततानी भेटते तो."

त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशांना फुटाण्यांचा वास इतका मुरला होता की आठवडी बाजारातून मास्तर निघाले की मागून शेळ्या निघत. लोक म्हणत, "मास्तर, वर्ग कुठी नेऊन राह्यले?" मास्तर म्हणत, "ह्याहीचं पुस्तक नाई सापडलं अजून." पावसाळ्यात फुटाणे वातड होत, मग पुस्तक निवडणं बंद. वातड फुटाण्यावर पुस्तकाचा न्याय करणं त्यांना अन्यायाचं वाटे. शाळेमागच्या खोलीत ते एकटेच राहत. फुटाण्यांचा डबा चुलीजवळ, आणि अंथरूण दाराजवळ, जिथे पाणी गळे.

मला हे सगळं हास्यास्पद वाटे. आणि थोडं हेवा वाटण्यासारखंही, हे आता कबूल करतो. माझ्या वर्गातून घंटा झाली की मुलं पळत. त्यांच्या कडुनिंबाखालून उठवावी लागत.

आठवीत सोमा नावाचा ढिवरटोलीतला मुलगा होता. बापाबरोबर नदीवर जाळं टाकून मग शाळेत यायचा, केस ओलेच. इंग्रजी वाचायचा ते पायातला काटा काढल्यासारखं. मास्तरांनी त्याच्यावर कपाटाचा एक खण रिकामा केला. राजाची गोष्ट झाली, शिकारीची झाली, भुताचीही झाली. सोमा सगळ्यांत शांतपणे फुटाणे खात राहिला. शेवटी एक पातळ पुस्तक निघालं, मोठ्या टायपाचं, वर होडीचं चित्र. पुरात वाहून गेलेली आपली होडी शोधायला निघालेल्या दोन भावांची गोष्ट. त्या दिवशी मास्तरांचं बोट वर गेलं ते किती तरी वेळ खाली आलंच नाही. पुढे सोमा ते पुस्तक सदऱ्याच्या आत घालून फिरू लागला. खूण म्हणून आत पळसाचं पान.

त्याच सुमारास चांद्याहून इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येणार असल्याचं कळलं. माझी बायको-मुलं वरोऱ्याला होती, आणि माझा बदलीचा अर्ज याच साहेबांच्या टेबलावर होता. तपासणीच्या सकाळी मी आठवीच्या वर्गात डोकावलो, तर पहिल्याच बाकावर सोमा आणि त्याच्या हातात ते होडीचं पुस्तक. मला वाटलं, साहेब म्हणतील, आठवीच्या मुलाला बाळबोध पुस्तक देता? मी ते काढून घेतलं. सोमा म्हणाला, "सर, थोडंच राह्यलं. होडी सापडून राह्यली." मी कपाटातून सोनेरी अक्षरांचा एक जाडजूड ग्रंथ काढून त्याच्या हातात दिला. कसली तरी भाषणं होती ती. तो ग्रंथ मी स्वतःही कधी उघडलेला नव्हता.

साहेब आले. वर्ग इतका शांत की बाहेरच्या होला पक्ष्याची घूं घूं ऐकू येत होती. बोरकुटे मास्तर भिंतीला लागून उभे होते. साहेबांची नजर सोनेरी अक्षरांवर गेली आणि मी मनात खूश झालो.

"वाच," साहेब म्हणाले.

सोमाने ग्रंथ उघडला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलवले. आवाज निघेना. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. सोमाने एकदा मास्तरांकडे पाहिलं. मग पुस्तक उघडल्यावर जे करायची त्याला सवय होती ते त्याने केलं. हात खिशात घातला.

कुडुम.

त्या शांततेत तो आवाज पाटी फुटल्यासारखा वाटला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"काय खातोस?" साहेबांनी विचारलं. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. फुटाणे, कडुनिंब, पाठ करून बसणं. साहेब म्हणाले, "ही शाळा आहे की भडभुंज्याची भट्टी? आणि ज्याला एक ओळ येत नाही, त्या पोराच्या हातात हे पुस्तक कोणी दिलं?"

माझं तोंड उघडलं होतं. शब्द तयार होता. आधी वरोऱ्याचं घर डोळ्यांसमोर आलं, मग मास्तरांचा आवाज ऐकू आला.

"मी दिलं, साहेब."

मी तोंड मिटलं.

मास्तरांकडून आठवी काढून त्यांना पहिलीचा वर्ग दिला गेला. कपाटाला पुन्हा कुलूप लागलं, ते मीच लावलं. सोमा दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. मास्तर ढिवरटोलीत गेले की तो डोंगा घेऊन पलीकडच्या काठाला जायचा. त्याची आई एकदा बाजारात भाजी विकताना भेटली तेव्हा मला म्हणाली, "तो म्हणते, मले वाचता नाई आलं म्हून मास्तरची इज्जत गेली. आता कोणतं तोंड दाखवू?" मी तिच्याकडून कोथिंबिरीची जुडी घेतली आणि घरी आलो.

वर्ष गेलं. बदली झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात हुकूम आला, वरोऱ्याचाच. निरोप घ्यायला म्हणून मी पहिल्यांदा मास्तरांच्या खोलीत गेलो. त्यांनी चहा टाकला. कोनाड्यात देव नव्हते. होडीचं ते पातळ पुस्तक होतं, पळसाचं पान त्याच जागी, आणि शेजारी फुटाण्यांची पुडी.

"हे तर कपाटात असायला हवं होतं," मी म्हणालो.

"तुमच्या टेबलावरून उचललं मी. ते सोमाच्या नावावर गेलेलं हाये."

"पण ते इथं आहे, मास्तर."

"त्याचं वाचणं बाकी हाये ना." पुडी उचलून त्यांनी एक फुटाणा दाताखाली फोडला, आवाज ऐकला, समाधानाने पुडी परत ठेवली. "बाजाराच्या दिवशी बदलतो. वातड झाले तं मले समजन कसं, होडी सापडली तवा पोरगा थांबला का नाई?"

मी कप खाली ठेवला. मी सांगू लागलो की त्या दिवशी मी भ्यायलो, बदलीपायी गप्प बसलो. त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही.

"मले काऊन सांगता, हेडमास्तर? मले तं माहीत हाये. त्याले नाई माहीत. त्याले वाटते, खोट त्याच्यात हाये."

आम्ही दोघं नदीवर गेलो. सोमा वाळूत जाळं विणत बसला होता, खांद्याने रुंद झालेला. मास्तरांना पाहून तो उठलाच, डोंग्याकडे वळला. मी धावलो. माझ्या वयाला आणि धोतराला ते शोभलं नसेल.

"सोमा, थांब. ते जाड पुस्तक मास्तरांनी दिलं नव्हतं. मी दिलं होतं. तुझं पुस्तक मी काढून घेतलं. तुला वाचता येत होतं. मास्तर खोटं बोलले आणि मी ते बोलू दिलं. मला माफ कर."

तो डोंग्याची कड धरून उभा राहिला. मग त्याने विचारलं, ते मला नाही, मास्तरांना. "सापडली का जी, ती होडी?"

"मी काऊन सांगू?" मास्तर म्हणाले. त्यांनी पुस्तक त्याच्या हातात दिलं, पुडी त्याच्या खिशात ओतली, आणि त्याच्याकडे पाठ करून वाळूत बसले. डोळे मिटले.

कुडुम. थोड्या वेळाने आणखी एक, हळू. मग नदीचाच तेवढा आवाज राहिला.

मास्तरांचं बोट वर गेलं. मी त्यांच्या मागे वाकलो आणि जे त्यांनी खोलीत म्हणू दिलं नव्हतं ते म्हणालो, "मास्तर, माझं चुकलं."

त्यांनी वर केलेलं बोट तसंच ओठांवर नेलं. मुलगा वाचत होता.