संपलेल्या बाईची हरकत

बेट जिंकायला तलवार लागते, पण तिथली माणसं संपवायला वळणदार अक्षराचा एक कारकून पुरतो. कॅनरी बेटांवरच्या आमच्या तेनिगारा नगरपालिकेला असे कारकून पाचशे वर्षं अखंड लाभले. सध्या ते पद माझ्याकडे आहे.

स्पॅनिश सरदार आले, त्यांनी जमीन आणि पाणी आपसांत वाटून घेतलं आणि दप्तरात लिहिलं : 'मूळ रहिवासी : शिल्लक नाहीत.' पुढे गावाने ऊस लावला, तो बुडाला. द्राक्षं लावली, तीही बुडाली. मग केळी, मग पर्यटक. दर पडझडीला निम्मं गाव बोटीत बसून क्युबाला नाहीतर व्हेनेझुएलाला गेलं. मोन्तेव्हेर्दे घराणं तेवढं हललं नाही. (गावावर इतकं प्रेम करायला गावचा पाट स्वतःच्या मालकीचा असावा लागतो.)

हल्लीचे नगराध्यक्ष त्याच घराण्यातले, फुल्हेन्सिओ मोन्तेव्हेर्दे. पंचशताब्दीनिमित्त त्यांनी संपलेल्या लोकांचं संग्रहालय काढायचं ठरवलं. जागा नामी मिळाली : डोंगरातली गुहा, आत चूल, दगडी जातं, छताला शतकांची काजळी. अडचण एकच. तिथे ओब्दुलिया नावाची चौऱ्याहत्तर वर्षांची बाई अकरा शेळ्यांसह राहत होती.

तिने हरकत नोंदवली, तेव्हा तिला नगरपालिकेच्या सभेत बोलावलं.

"आजी, ती गुहा मूळ लोकांची आहे," नगराध्यक्ष म्हणाले.

"ठाऊक आहे की. माझ्या आजीची आजी तिथंच जन्मली."

"शक्य नाही. ते लोक संपलेत. दप्तरात तसं आहे."

"मग चार महिन्यांमागं माझ्या दारात मत मागायला कोण आलं होतं? भाजल्या धान्याचं गोफिओ दुधात कालवून दिलं, ते बोटं चाटून खाल्लंस ना रे, फुल्हेन्सिओ?"

"मत चालू काळातलं, आजी. इतिहासाचा विभाग वेगळा."

'हरकतदार अस्तित्वात नसल्याने' हरकत फेटाळली गेली. तेरापैकी तेरा मतं. (संग्रहालयातलं उपाहारगृह विरोधी पक्षाला चालवायला मिळणार होतं.)

ओब्दुलियाला नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर दिलं. शेळ्यांना तिथे मनाई असल्याने त्या शेजारच्या गावी गेल्या. ती दिवसभर जिन्यात बसून असायची. "गळ्यातल्या घंटा वाजत नाहीत, उजाडलेलं कळतच नाही बघ," ती मला म्हणाली. मी तिला अर्जाचा नमुना दिला.

गुहेत माद्रिदहून आणलेली मेणाची मूळ बाई बसवली. जुलैच्या उकाड्यात तिची हनुवटी वितळून छातीवर उतरली. त्रेसष्ट टक्के पर्यटकांनी 'जिवंतपणा कमी' असा शेरा लिहिला. तेव्हा नगराध्यक्षांनी दोन जिने चढून ओब्दुलियाला नोकरी देऊ केली. मंगळवार ते शनिवार, दहा ते पाच. कातडं पांघरायचं. चष्मा नाही. (मूळ लोकांना सगळं स्वच्छ दिसत असे.) बोलायचं नाही, कारण त्यांची भाषा संपली आहे.

"चूल पेटवू देशील?" तिने विचारलं. हो म्हटल्यावर तिने करारावर अंगठा उठवला.

सात महिने पर्यटक खूश होते. मग एका शनिवारी पाच वाजता ती उठेना.

"आजी, वेळ झाली. घरी जा," रखवालदार म्हणाला.

"घरीच आहे की."

सोमवारपर्यंत ती हलली नाही. मंगळवारी रांग लागायच्या आत दोन पोलिस आले. तिने झटापट केली नाही. थांबा म्हणाली, निखारे स्वतः विझवले, राख हाताने सारखी केली आणि कातडं घडी करून जात्यावर ठेवलं. मग त्यांच्यामागून बाहेर आली. तिने डोळे पुसले की उन्हामुळे चोळले, ते मी नोंदवलेलं नाही.

त्याच आठवड्यात ठराव आला : 'संग्रहालयात बेकायदा वास्तव्य केल्याबद्दल सदर महिलेस कायमची प्रवेशबंदी.' नियमाप्रमाणे मी तीनदा विचारलं, कुणाची हरकत? प्रेक्षकांच्या बाकांवर सगळं गाव होतं. कुणाचा बाकसुद्धा करकरला नाही.

आता तुम्हीही इथवर आलात. सगळं ऐकलंत, मधे दोन-तीनदा हसलातही. हरकत काही ऐकू आली नाही. तेव्हा नाव नीट सांगा; 'सहमत' या रकान्यात लिहायचं आहे.