दहाला तेरा

व्यायामशाळेची पायरी न चढता आणि एकही यंत्र विकत न घेता सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या पायांत सहा आठवड्यांत ताकद आणता येते, हे मी सिद्ध करणार होते. करून दाखवणार नव्हे, सिद्ध करणार. मी रसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आहे आणि आमच्यात या दोन्हींत फरक करतात.

प्रयोग बाबांवर होता. स्टुलावरून पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, तीन महिने ते अंथरुणाला खिळले. हाड जुळलं, पण पाय बगळ्याचे झाले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. ताईने दुसऱ्या शहरातून फोनवर निकाल दिला.

"सहा आठवड्यांनी रविवारी येते. बाबा कुणाचा आधार न घेता खाली जाऊन वर आले, तर मी काही बोलणार नाही. नाहीतर घर बंद करायचं आणि दोघांनी माझ्याकडे तळमजल्यावर राहायला यायचं."

बाबांनी फोन ठेवला. मग आईला विचारलं, "तिच्या खिडकीतून काय दिसतं गं?"

"समोरच्यांची खिडकी."

"हं," बाबा म्हणाले. आमच्या खिडकीतून एकतीस वर्षं आभाळ दिसतंय.

बाबा वजनमापे निरीक्षक होते. तेहतीस वर्षं त्यांनी दुकानदारांची वजनं उलटी करून पाहिली. इतर घरांत जेवताना गप्पा होतात. आमच्याकडे कोणी पारड्याखाली मेण लावलं आणि कोणी वजन पोखरलं याचे अहवाल व्हायचे. आईने ते इतके ऐकलेत की तिने दुकान काढलं असतं, तर ती कधी सापडली नसती. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी बाबांना त्यांनी पकडलेलं पहिलं खोटं वजन भेट दिलं. वरून एक किलो, आतून पोकळ, भरतं आठशे ग्रॅम. ते काचेच्या कपाटात असतं. खरी वजनं आणि दोन पारड्यांचा तराजू खालच्या कप्प्यात.

आईने जुन्या पॅन्टींच्या पायांच्या आठ पिशव्या शिवल्या. मी त्यांत वाळू भरली, प्रत्येकी एक किलो. रिकामी पारडी समपातळीत आहेत हे तीनदा तपासलं. वजन आईने हातात आणून दिलं.

कार्यक्रम साधा होता. छातीशी पिशवी धरून, हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. मग भिंतीला हात लावून दहा जोर. मग जाड शब्दकोशावर चढ-उतार. बाबांच्या पिशव्या हळूहळू वाढवत चारपर्यंत न्यायच्या. त्यांचं झालं की मीही तेच करायचे, त्यांच्या दुप्पट पिशव्या घेऊन. संशोधकाने मागे राहून चालत नाही.

पहिल्या दिवशी बाबांनी पिशवी हातात घेतली आणि थांबले.

"कोणी भरली?"

"मी. तोलून."

"वजन उलटून बघितलंस?"

"बाबा, घरचंच तर वजन आहे."

"हं," बाबा म्हणाले आणि थरथरत उठले.

दुसऱ्या आठवड्यात दोन पिशव्या झाल्या, चौथ्यात चार. मी आलेख काढून फ्रिजवर चिकटवला. रेषा इतकी सरळ होती की माझ्या प्राध्यापकांनी ती पाहताच कान धरला असता. मला मात्र अभिमान वाटला. एकच गोष्ट खटकायची. रोज दोघांचा व्यायाम झाला की बाबा बाल्कनीत जायचे आणि दार लावून घ्यायचे.

"काय करता तिथे?"

"कपडे वाळत घालतो."

कपडे तर आई सकाळीच वाळत घालायची. मला वाटलं, ते रडत असावेत.

"तू जरा वजन कमी कर की," आई म्हणाली.

"आई, प्रयोगात ढवळाढवळ नको."

"मी कशाला करू," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

सहाव्या आठवड्यात तळमजल्यावरच्या पाववाल्या काकू आल्या. त्या रुग्णालयाच्या उपाहारगृहाला एक-एक किलोचे पाव देतात. त्यांचा काटा बिघडला होता. आई घरात नव्हती. मी आमचा तराजू आणि ते वजन मोठ्या तोऱ्यात दिलं.

रविवारी सकाळी काकू वर आल्या. एका हातात पाव, दुसऱ्यात वजन.

"साहेब, सगळे पाव परत आले. किलोचा पाव आठशे ग्रॅम भरला. बारा वर्षांत माझ्या पावाला कुणी नाव ठेवलं नाही. विचारत होते, तोललं कशावर? म्हटलं, निरीक्षकसाहेबांच्या घरच्या मापावर. तर हसले हो."

बाबांनी वजन उलटं केलं. बुडाशी काळं केलेलं मेण होतं. त्यांनी काचेच्या कपाटाकडे पाहिलं. तिथे खरं किलो मानाने बसलं होतं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तू केलंस?"

"नाही."

"मी केलं," आई म्हणाली. "पिशव्या भरायच्या आधी रिकाम्या हातांनी उठतानाही तुमचे पाय लटपटत होते. आणि ही पोरगी किलो-किलोच्या गोष्टी करत होती. तिच्यासमोर पिशवी हातातून पडली असती, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही खुर्चीकडे फिरकला नसता. ओळखते मी तुम्हाला."

माझ्या डोळ्यांसमोर आलेखाची रेषा आडवी झाली. "म्हणजे चार किलो नव्हेत. तीन किलो दोनशे. सगळा प्रयोग बाद."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," बाबा म्हणाले. "हाताला कळत नाही का? वाटलं, तूच दया येऊन कमी भरलंस. म्हटलं, पोरीचा मान राहू दे."

"मग?"

"मग काय. कमी पडलं तर भरून द्यायचं. तुझ्यासमोर दहा. आठशेच्या हिशेबाने दहाला साडेबारा होतात. अर्धं उठता येत नाही, म्हणून तेरा. वरचे तीन बाल्कनीत."

"पिशव्या घेऊन?" आईने विचारलं.

"कपड्यांच्या टोपलीतून न्यायचो."

आई पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

"घरातली खोट घरात भरून निघाली," बाबा म्हणाले. "लोकांच्या पावाचं काय?" त्यांनी खालच्या कप्प्यातून खऱ्या वजनांची लाकडी पेटी ओढली, कपाटातलं किलो तिच्यात टाकलं आणि पेटी दोन्ही हातांनी उचलली. पेटीसकट सात किलो. "चला काकू."

आम्ही मागे धावलो. दुसऱ्या मजल्यावर बॅग घेऊन धापा टाकत वर येणारी ताई भेटली.

"बाबा, अहो, कठडा धरा."

"बाजूला हो. सरकारी काम आहे."

निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. ताई भिंतीला पालीसारखी चिकटली.

खाली भट्टीजवळ बाबांनी एकेक पाव तोलला. रुग्णालयासाठी पत्र लिहिलं: दोष पाववाल्या बाईंचा नसून निम्नस्वाक्षरीकर्त्याच्या घरच्या वजनाचा आहे. "शिक्का नाही आता," ते काकूंना म्हणाले, "सहीवर भागवा."

"उतरताना त्यांनी कुठेच धरलं नाही," ताई माझ्या कानाशी म्हणाली.

"धरणार कशाने? दोन्ही हातांत पेटी होती."

ताईने जिन्याकडे पाहिलं. "चढणं बाकी आहे," ती म्हणाली.

चढताना बाबांना त्रास नको म्हणून मी पेटी घेतली. "द्या, मी नेते. माझा तर आठ किलोंवर सराव झालाय. ही सातच आहे."

पहिल्या मजल्याच्या वळणावर माझे हात कापू लागले. दुसऱ्यावर मी पेटी पायरीवर टेकवली आणि काहीतरी आठवत असल्यासारखा चेहरा केला.

"सहा किलो चारशे," बाबा मागून म्हणाले.

"काय?"

"तुझा सराव. आणि दहाच केलेस ना?"

"दहाच."

"हं," बाबा म्हणाले. त्यांनी पेटी उचलली आणि ते पुढे झाले. ताई त्यांच्या मागून पायऱ्या मोजत गेली. मी कठडा धरून चढले.