बुंदीची बादली आणि सोपानभाऊंचा खुबा

सोपानभाऊ जाधवांनी गेल्या बारा वर्षांत कुणाचंही लग्न लागताना पाहिलेलं नाही. आणि त्यांच्याकडून चुकलं असं लग्नही एक नाही. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत आणि आजूबाजूच्या पाच-सहा गल्ल्यांत ज्याचं म्हणून लग्न लागलं, तिथं हा माणूस हजर होता. फक्त मंगलाष्टकं चालू असताना तो मांडवाच्या मागं, कढयांच्या धुरात उभा असतो. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, कमरेला पंचा, तळहातावर वरणाचे दोन थेंब. ते चाटून डोळे मिटायचे आणि आचाऱ्याला सांगायचं, "मीठ झोपलंय. उठीव त्याला." बाहेर वाजंत्री सुरू झाली की यांनी बादली उचललीच. शेवटचा जेवणारा ढेकर देऊन उठेपर्यंत ती खाली टेकत नाही.

कुणाला वाटेल, केटररचा माणूस असेल. छे! सोपानभाऊ जमीन मोजणीच्या सरकारी कचेरीत मोजणीदार आहेत. एरवी लोकांचे बांध मोजायचे आणि लग्नसराई आली की रजा टाकून लोकांच्या पंगती वाढायच्या, असा त्यांचा संसार. दुसरा संसार नाही. सुशीलावहिनी बारा वर्षांपूर्वी गेल्या, मूलबाळ नाही, भाऊबंद सगळे पाचोडकडं. वय चौपन्न, अंग काटक. गुलमंडीवरून आम्ही दोघं बरोबर निघालो तर मी रिक्षाशी घासाघीस करून घरी पोचेपर्यंत हे चालत येऊन, हातपाय धुऊन ओट्यावर बसलेले असत. आमची दारं समोरासमोर. ते मला सर म्हणतात, कारण मी शाळेत गणित शिकवतो. माझ्या बायकोला वहिनी म्हणतात आणि तिचं ऐकतात. माझं ऐकत नाहीत.

वाढण्याचं त्यांचं एक शास्त्र आहे. "हात आडवा आला म्हंजे नको असं नसतं, सर. बोटं बघायची. बोटं जुळलेली असली तर खरंच नको. बोटांत फट असली तर फटीतून वाढायचं. आन् हात नाय, नुसती मान हलवीत असला, तर दोन वाढायच्या." माझी बोटं आजवर कुठल्याच पंगतीत जुळलेली नाहीत. त्याचा पुरावा मी पोटावर बाळगून हिंडतो.

शास्त्राचं दुसरं कलम वाकण्याचं. "वाढायचं म्हंजे वाकायचं. जेवणाऱ्याच्या तोंडाला तोंड आलं पायजे. वरून टाकत्यात त्याला वैरण म्हणत्यात." बुफेचं नाव काढलं की ते थुंकायला जागा शोधत. "उभ्यानं घोडं खातं!" टेबल-खुर्चीच्या पंगतीवरही राग. "टेबल कामून? जेवायला आलाव का अर्ज भरायला?"

तर अशा या माणसाचा खुबा गेला.

पहिली लक्षणं मला कळलीच नाहीत, कारण तेव्हा मी जेवत होतो. एका लग्नात जिलेबीची परात घेऊन सोपानभाऊ एका पाहुण्यासमोर वाकले आणि वाकलेलेच राहिले. वर उठता येईना. दुसरा कुणी असता तर 'आई गं' म्हणाला असता. यांनी उठता येईपर्यंत वाढत राहायचं ठरवलं. पाहुणा हात आडवा करतोय, बोटं गच्च जुळलेली आहेत, आणि हे हसत हसत आणखी एक, आणखी एक. "घ्या की पाव्हणं, लाजता कामून?" सातव्या जिलेबीला पाहुण्यानं हात जोडले. तेवढ्यात कुठंतरी कट्ट झालं, सोपानभाऊ सरळ झाले आणि पुढच्या पानाकडं गेले. तो पाहुणा नंतर दोन दिवस आमच्या गल्लीच्या पाहुणचाराबद्दल बरंवाईट बोलत होता म्हणे.

मग ते लंगडायला लागले. विचारलं की उत्तर तयार. शिवारात पाय मुरगळला. मांडीत वात उतरला. चप्पल चावली. शेवटी मंडपवाले याकूबभाई माझ्याकडं आले. लग्नाची भांडी, सतरंज्या, कनाती सगळं त्यांचंच असतं, आणि सोपानभाऊंचे ते वीस वर्षांचे दोस्त. म्हणाले, "सर, ये आदमी झूट बोलरा. मेरे कू बोला चप्पल काटरी. मैं नीचे देखा तो नंगे पाँव!"

आम्ही दोघांनी त्यांना धरून हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. फोटो उजेडाला लावून म्हणाला, "काका, खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नाही. गोळा खचलाय. सांधा बदलावा लागेल. घाबरू नका, दोन-तीन महिन्यांत मोजणीला जाल, पूर्वीसारखे चालाल. फक्त मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही आणि कमरेतून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही."

हाड कापायचं, लोखंड बसवायचं, यातलं सोपानभाऊंनी काही ऐकलं नसावं. त्यांनी शेवटचंच धरलं.

"काटकोन म्हंजे बरोबर नव्वद ना, डॉक्टरसाहेब?"

"हो."

"ब्याण्णव चालंल का?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. शाळेतला फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मी घरी आणावा अशी मागणी होती. आणला. मला जमिनीवर पाट मांडून बसवलं, समोर पत्रावळ. स्वतः रिकामी बादली घेऊन वाकले. कोनमापक आमच्या हिच्या हातात. "वहिनी, नीट धरा. सरकारी मोजणी हाय असं समजा." मोजणी एकशे पंधरा आली. पुन्हा केली, एकशे सोळा. शेजाऱ्यानं बांध कोरून पंचवीस फूट आत घेतल्यावर शेतकऱ्याचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला. असे चेहरे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते, स्वतःवर पाळी पहिल्यांदा आली.

पण हार मानतील तर ते मोजणीदार कसले. याकूबभाईंना गाठून त्यांनी शहागंजातल्या लोहाराकडून एक पळी करून घेतली. दांडा चार फुटांचा. न वाकता, उभ्या उभ्या वाढता येईल अशी. दत्तजयंतीच्या भंडाऱ्याला तिचं उद्घाटन झालं. पहिल्या तीन पानांवर बुंदी बरी पडली. चौथ्याला एक निवृत्त हवालदार बसले होते. त्यांच्या पानाऐवजी टोपीत पडली. ती सावरायला सोपानभाऊ वळले तर दांड्याचं मागचं टोक पलीकडच्या ओळीतल्या मठ्ठ्याच्या तांब्याला लागलं. अर्धी पंगत हसत होती, अर्धी धोतरं झटकत होती. हवालदारांनी मात्र शांतपणे टोपी काढली आणि तीतली बुंदी खाल्ली.

मीही हसत होतो. सोपानभाऊ हसले नाहीत. त्यांनी पळी याकूबभाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही वैरण झाली. हे आपल्याला नाय जमायचं."

तिथून टोलवाटोलवी सुरू झाली. आमच्या लेकीचं, मंजूचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. सोपानभाऊ म्हणायचे, "मंजूच्या पंगती एकदा वाढू द्या, मंग काय कापायचं ते कापा." डॉक्टर म्हणत होता, जितका उशीर तितकं अवघड. तोवर त्यांना ओट्यावरून उठायला भिंत धरावी लागत होती. मी समजावलं, याकूबभाईंनी शिव्या घातल्या, काही उपयोग नाही. शेवटी आमच्या हिनं दारात उभं राहून एकच वाक्य टाकलं. "भाऊजी, आत्ता ऑपरेशन केलं नाही तर मंजूच्या मांडवात पाऊल टाकू देणार नाही."

त्यांनी मान खाली घातली आणि बरं म्हणाले. एवढ्या लवकर ऐकतील असं वाटलं नव्हतं. मला वाटलं, भ्याला मनुष्य. भूल, सुऱ्या, रक्त, कोण भीत नाही?

ऑपरेशन नीट झालं आणि सोपानभाऊ आता पुन्हा माझ्या पुढं चालतात, हे आधीच सांगून टाकतो. कारण मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या दिवशीचं आहे.

दुपारची वेळ. सोपानभाऊ दवाखान्याचा हिरवा झगा घालून पलंगावर बसले होते. त्या झग्याला मागून नाड्या असतात, त्यामुळं ते भिंतीला पाठ लावून, अब्रू सांभाळत होते. आमची ही खुर्चीवर मोसंबी सोलत होती. त्यांचं मन रमावं म्हणून मी लग्नाच्या पाहुण्यांची यादी नेली होती. म्हटलं, किती पानं होतील, बुंदी किती पाडायची, तुम्हीच सांगा.

त्यांनी चष्मा लावला. पहिल्या पानापासून नावं वाचायला लागले. मधेच, "ह्यो लई खातो, ह्याला दोन धरा," असं चाललं होतं. शेवटच्या पानापर्यंत गेले. मग परत पहिल्या पानावर आले आणि बोट फिरवत, हळूहळू, पुन्हा शेवटपर्यंत.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"काय नाय. जाधव किती हाईत ते बघत होतो."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. हिच्या आधी आलं, तिचा मोसंबी सोलणारा हात थांबला. साडेसहाशे नावं होती त्या यादीत. माझ्या मेहुण्याच्या साडूचं होतं, शाळेतल्या घंटा वाजवणाऱ्याचं होतं. समोरच्या दारातल्या माणसाचं नव्हतं.

"अहो, तुमचं नाव कशाला घालायचं? तुम्ही घरचे!" मी म्हणालो.

"व्हय सर. सगळे असंच म्हणत्यात." त्यांनी यादी घडी करून माझ्या हातात दिली. त्यात तक्रार नव्हती. "घरच्याला कुठं आवतन असतं? बारा वर्षं झाली, पत्रिका आली नाय आपल्याला कुणाची."

मग चष्मा पुसत, माझ्याकडं न बघता ते बोलले. "सुशीला होती तवर बाया कुंकू घिऊन दारात यायच्या. आवतन बाईमाणसाला देत्यात ना, सर. कपाळाला कुंकू लावायचं, अक्षता द्यायच्या, अमुक दिवशी जेवायला या म्हणायचं. ती गेली आन् बाया पुढच्या दारी जायला लागल्या. त्यांची काय चूक? आत बाई नाय तर कुंकू लावावं कुणाला? पहिलं लग्न मी घरी बसून काढलं. वाजंत्री ऐकत. कुणाला कळलं नाय. दुसऱ्याला म्हटलं, न बोलवता पानावर कसं बसावं? मागून जावं, बादली धरावी. वाढप्याला कोण विचारतं, तुला कुणी बोलावलं म्हणून?"

चष्मा परत लावून म्हणाले, "उद्या नवा सांधा बसंल. चांगलाच बसंल. पन वाकता नाय आलं तर बादली गेली. आन् बादली नसली तर मी कुठल्या तोंडानं यायचं, सर?"

मला लाज वाटली. साधीसुधी नाही, बसल्या जागी घाम फोडणारी. बारा वर्षं या माणसानं माझ्या पानावर वाकून वाढलं, आणि त्याला बोलवायचं राहिलंय हे मला कधी सुचलं नाही. घरचे म्हणून मोकळा झालो होतो.

मी काहीतरी बोलणार होतो, पण आमची ही उठली. मोसंबीची सालं माझ्या हातात कोंबली आणि काही न सांगता बाहेर पडली. मला वाटलं, डोळे पुसायला गेली असेल. तासाभरानं परत आली ती ठेवणीतली साडी नेसून. हातात तबक, तबकात कुंकवाचा करंडा आणि ओलसर पिवळ्या अक्षता. दवाखान्यातले पेशंट उठून बघायला लागले. सिस्टर धावत आली. "ओ मावशी, उद्या ऑपरेशन आहे त्यांचं, कपाळाला काही लावू नका."

"उद्या पुसा," ही म्हणाली.

तिनं डोक्यावर पदर घेतला. सोपानभाऊंच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. त्यांनी गडबडीनं झगा सावरला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. तिनं अक्षता घातल्या आणि आपल्या माहेरच्या रीतीनं, मोठ्या आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं आवतन दिलं.

"भाऊजी, वैशाखात आमच्या मंजूचं लग्न आहे. तुम्हाला चूलबंद आवतन. त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही. घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं, पहिल्या पंगतीला बसायचं. काम काही करायचं नाही. जेवायचं."

सोपानभाऊ ओंजळीकडं बघत राहिले.

"सगळ्यांनी?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी," ही म्हणाली.

"बरं, वहिनी." त्यांनी ओंजळ छातीशी धरली. "घरी सांगतो."