टनदादांनी गिळलेला घास

ऑपरेशनच्या टेबलावर आडवं पडून पेशंटने डॉक्टरांना धीर दिल्याचं कधी ऐकलंय? टनदादांनी दिला होता! "डॉक्टर, अजिबात टेन्शन घेऊ नका. मी आहे!" असं म्हणूनच ते बेशुद्ध झाले.

टनदादा हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते दुकानाने ठेवलं. दादा फर्निचरच्या दुकानात सोफे विकायचे आणि त्यांची विकायची रीत एकच. गिऱ्हाईक एखाद्या सोफ्यापाशी घुटमळलं, की दादा चार पावलं मागे जायचे, पँट वर ओढायचे आणि एकशे एक्केचाळीस किलोंनिशी धप्पकन त्या सोफ्यावर आदळायचे! "बघा! कुरकुरला? हूं का चूं केलं? मी बसतो तिथे तुमचं अख्खं घर बसेल!" मग लाकूड, स्प्रिंगा, कापड, शिलाई, पायांची जाडी, यांवर जी टकळी सुरू व्हायची, ती बिल होईपर्यंत थांबायची नाही.

मालक म्हणायचे, "सोफे दादांच्या वजनावर खपतात." दादांना हे अजिबात पटायचं नाही. "छट्! वजन काय, सिमेंटच्या पोत्यालाही असतं! सोफे खपतात ते या जिभेवर!"

पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला, डॉक्टरांनी डोळे वटारले आणि दादांच्या पोटात पट्टा बसला. जठराच्या वरच्या टोकाला तो आवळलेला, म्हणजे घास उतरायची वाटच अरुंद. चार चमचे खाल्ले की पोट गच्च! आहार सांगणाऱ्या बाईंनी नियम समजावले. घास नखाएवढा घ्यायचा. पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. मऊ पावाच्या तर वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, कारण त्याचा गोळा होतो आणि तो वाटेतच ठाण मांडून बसतो.

"आणि जेवताना बोलायचं नाही."

"बोलायचं नाही?" दादा उडालेच. "मग जेवायचं कशासाठी?"

घरी बायको समोर बसून घास मोजायची. "अहो, अकराच झाले. चावा!"

"अगं, तू अशी मोजत बसलीस की माझी भूक पळते."

"पळू दे की! तिलाच तर पळवायचंय."

एक मात्र खरं, दादा पट्ट्याला जागले. वर्षभरात एकोणपन्नास किलो उतरले. बायकोने त्यांच्या पँटी तीनदा आत घेतल्या आणि उरलेल्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या. बुटांची नाडी दादा आता स्वतः बांधायचे, आणि बांधता येते म्हणून दिवसातून चारदा सोडून पुन्हा बांधायचे. आनंदीआनंद होता नुसता!

दुकानात मात्र पंचाईत झाली. ब्याण्णव किलोंचे दादा सोफ्यावर आदळले की आवाज यायचा तो फुस्स! गिऱ्हाईक म्हणायचं, "यात काय मोठंसं? एवढं तर आमची आत्याही बसेल!" आणि पुढच्या दुकानात जायचं. दादा बोलून बोलून घसा कोरडा करायचे. ते म्हणायचे मंदी आहे. मालक म्हणायचे मंदी बिंदी काही नाही, वजन नाही.

शेवटी मालकांनी एक उपाय काढला. दादांचा जुना, भरगच्च फोटो शोधला, जवळजवळ दाराएवढा मोठा करून घेतला, सोनेरी चौकटीत बसवला आणि भिंतीवर टांगला. वर एक पिवळा दिवा. खाली पितळी पट्टीवर अक्षरं: 'आमचा आधार'.

"म्हणजे गिऱ्हाईकाला कळेल," मालक म्हणाले, "की आमचे सोफे काय काय सोसून बसलेत."

"मी समोर जिवंत उभा असताना फोटो कशाला?" दादा फणकारले.

"तुम्ही अर्धेच उभे आहात ना दादा! आणि हे बघा, आता स्पष्टच सांगतो. गुरुवारी मोठ्या हॉटेलच्या बाई येणार आहेत. चाळीस सोफे हवेत त्यांना. ही ऑर्डर आली तर ठीक. नाही आली, तर सोमवारपासून तुम्ही गोदामात. माल मोजायचा आणि लिहायचा."

गोदाम! दादांच्या पोटात गोळा आला, आणि पट्ट्याच्या पोटात गोळ्याला जागा ती किती! गोदामात माणूस नाही. दिवसभर बोलायचं कोणाशी? खाटांशी? पण दादा हार मानणाऱ्यांतले नव्हते. "मालक, त्या बाई फक्त आत येऊ द्या. चाळीस काय, पन्नास सोफे घेतील! ही जीभ कशासाठी आहे?"

गुरुवारी बाई दोनला येणार होत्या. एक वाजता दादा मागच्या खोलीत डबा उघडून बसले. भाजी मऊ शिजवलेली होती. शेजारी सहकाऱ्याने ठेवलेला अर्धा पाव होता. दादांनी त्याच्याकडे पाहिलं. वर्षभरात त्यांनी पट्ट्याला इतकं वळण लावलं होतं, की अर्धा पाव काय करणार होता? त्यांनी तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन...

सहाव्याला दार धाडकन उघडलं. "दादा! बाई आल्या! तासभर आधी!"

दादांनी घास गिळला.

दुकानात येईपर्यंत त्यांना कळून चुकलं की घास उतरलेला नाही. जिन्याच्या वळणावर कपाट अडकावं तसा तो अडकला होता. धड वर येईना, धड खाली जाईना. छातीवर दाब, तोंडात लाळेचा पूर, डोळ्यांत पाणी. समोर हॉटेलच्या बाई उभ्या, करड्या केसांच्या, करड्या चेहऱ्याच्या, हातात ऑर्डरचा कागद. दादांनी 'या बसा' म्हणायला तोंड उघडलं आणि घाईघाईने रुमालाने बंद केलं.

आदळायची तर सोयच नव्हती. ते हळूच, काचेचं भांडं ठेवावं तसे, सोफ्याच्या कडेला टेकले. मान वर केली की जरा बरं वाटत होतं, म्हणून वर केली. समोर तो फोटो होता.

बाईंनी फोटोकडे पाहिलं. पिवळा दिवा पाहिला. मग रुमाल तोंडाला लावून पाणावल्या डोळ्यांनी बसलेल्या दादांकडे पाहिलं. चेहरेपट्टी तीच. बाईंचा आवाज एकदम खाली आला.

"मोठे भाऊ का?"

दादा नाही म्हणून मान हलवणार, तेवढ्यात उचकी आली आणि मान वरखाली झाली.

"अरेरे! कधी गेले?"

मालकांनी खरं सांगायला तोंड उघडलं. मग बाईंच्या हातातला कागद पाहिला. "वर्ष झालं," ते म्हणाले. "ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर... ते काही पुन्हा तसे दिसले नाहीत."

दादांनी मालकांकडे असे डोळे फाडले की दोन थेंब गालावर ओघळले.

"रडू नका हो," बाई म्हणाल्या, आणि सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसल्या.

दहा मिनिटं कोणी बोललं नाही. बाईंनी उशी दाबून पाहिली. सोफ्याच्या हातावरून हात फिरवला. मागे टेकल्या, डोळे मिटले. दादांच्या मनात शिसवी लाकडापासून दुहेरी शिलाईपर्यंत सगळं भाषण उकळत होतं, आणि वाटेत ते अडकलेलं कपाट!

"घेते," बाई डोळे उघडून म्हणाल्या. "चाळीसच्या चाळीस. सोफ्यावर मला शांतपणे बसू दिलं असं हे पहिलंच दुकान!"

मालकांनी पेन इतक्या घाईने पुढे केलं की टोपण उडून सोफ्याखाली गेलं. बाई सही करायला वाकल्या आणि अर्ध्यावरच थांबल्या.

"गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण सांगते. चार वर्षांपूर्वी मी इथे आले होते. तुमचे भाऊ धप्पकन सोफ्यावर आदळले आणि जे बोलायला लागले! पाऊण तास! लाकूड काय, स्प्रिंग काय! शेवटी खोटाच फोन कानाला लावून पळाले मी, आणि समोरच्या दुकानातून घेतले. म्हटलं, मेले तरी पुन्हा इथे यायचं नाही. पण तिथले सगळे मोडले, म्हणून यावं लागलं. आता ते गेल्याचं वाईट वाटतं. पण तुमचा स्वभाव किती वेगळा!"

नेमका त्याच क्षणी घास सुटला. गडप! छाती मोकळी, घसा मोकळा, जीभ मोकळी! वर्षभराचा अपमान, चार वर्षांपूर्वीची पाऊण तासाची मेहनत, सगळं एकदम ओठांवर आलं. दादा ताडकन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं.

बाईंची सही अर्धीच झाली होती. त्यांच्या मागे मालक, देवाला विनवावं तसे दोन्ही हात जोडून उभे. आणि मालकांच्या मागे गोदामाचं दार, सताड उघडं.

दादांनी रुमालाने डोळे पुसले.

"हो," ते हळूच म्हणाले. "फार बोलायचा बिचारा."