पुढं एक, मागं चार

कुशाबानं ठरवलं होतं ते एवढंच, की तीनचाकीचं पुढचं चाक तेवढं बदलायचं. एकच चाक, बास! आजवर जेवढे संसार बुडाले ते ह्या ‘तेवढं एक’नंच बुडाले. पण हे शहाण्याला सांगावं लागत नाही आणि कुशाबाला सांगून उपयोग नाही.

कुशाबा शिनोलीचा, घोडेगावच्या हायस्कुलात कारकून. (कारकून म्हणजे दाखल्यावर शिक्का मारणारा माणूस. पण अठरा वर्षं शिक्के मारले, की माणसाला वाटायला लागतं, आपला शिक्का पडल्याशिवाय दिवससुद्धा उगवत नसेल.) तर ह्या गृहस्थानं सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात येडगावच्या धरणाकडून, कुणा ठेकेदाराच्या आवारात बाभळीखाली पडलेली एक जुनी तीनचाकी उचलून आणली. बुटकी, पुढं स्कूटरसारखं हँडल, मागं छोटा हौदा. धरणाचं काम चालू असताना तिनं चिखलातून, खडकातून सिमेंट वाहिलं होतं. पुढची वीस वर्षं तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालत होत्या.

“ही डोंगरात चालणारी गाडी हाय,” कुशाबा बायकोला म्हणाला. “जिथं जीप थांबती, तिथनं ही सुरू व्हती.”

साळुबाईनं गाडीभोवती एक चक्कर मारली. “मग आता कशापायी थांबलीय?”

 दुसऱ्याच आठवड्यात कुशाबानं घरची बैलजोडी चाकणच्या बाजारात विकून टाकली. आता गाडी आली, बैल कशाला हवेत? साळुबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेव्हा कुशाबाला वाटलं, न बोललेलंच बरं होतं.

तिचा राग उगाच नव्हता. पंधरा दिवसांवर कुशाबाच्या भाचीचं, वैष्णवीचं लग्न आलेलं. आपल्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवडहाळे असतात. आंब्या-जांभळाच्या डहाळ्या भरून भावकीच्या, पाव्हण्यांच्या बैलगाड्या वाजतगाजत आधी मारुतीला जातात आणि मग मांडवात. त्यात पहिली गाडी मामाची. पहिल्या गाडीच्या चाकावर पाणी घालतात, गाडीतल्याला कुंकू लावून नारळ देतात. हा मान. आणि मामाची गाडी मागं राहिली तर? तर चुलतमामा गेणभाऊ होताच. त्याची खिलारी जोडी बैलगाड्यांच्या शर्यतीत नाव काढलेली, आणि कुशाबाचा मान कधी सांडतोय नि कधी उचलतोय, असं त्याला लहानपणापासून झालेलं.

“शेजारच्या भागूची गाडी मागून आणा,” साळुबाई म्हणाली. “नणंदबाईंसमोर माझं नाक कापू नका.”

“मामानं उसनी गाडी न्यायची? लोक तोंडात शेण घालतील!”

आता चाकाचं. कुशाबाच्या वस्तीपासून डांबरीपर्यंत बैलगाडीची वाट. गाड्यांच्या चाकांनी दोन्ही बाजूला खोल चाकोऱ्या पडलेल्या, मधे उंचवटा. चार चाकांची गाडी त्या चाकोऱ्यांतून निमूट जाते. पण तीनचाकीची मागची दोन चाकं खाली चाकोरीत आणि पुढचं एकटं चाक उंचवट्यावर! गाडी तोंड वर करून आभाळाकडं बघत चालायची आणि कुशाबाला रस्त्याऐवजी घारी दिसायच्या. म्हणून त्यानं पुढं स्कूटरचं लहान चाक घातलं. ते पहिल्याच खड्ड्यात बुडालं. मग पुढचं जुनंच परत आलं आणि मागं जीपची दोन दांडगी चाकं बसली. गाडी सरळ झाली. फक्त ती हलेना. त्या चाकांपुढं जुन्या पेट्रोल इंजिनानं दोनदा उचकी दिली आणि प्राण सोडला.

“विहिरीवरचं डिझेल इंजिन हाय की आपलं,” कुशाबा म्हणाला.

“लाईट गेल्यावर मिरचीला पाणी कशानं देऊ? तुमच्या शिक्क्यानं?”

इंजिन निघालंच. घोडेगावचा सावळेराम मिस्त्री ते बसवायला आला. माणूस हाताचा कसबी, बोलायला कमी.

“भाऊ, इंजिन सुरू करायचं हँडल डाव्या अंगाला येतंय,” तो म्हणाला.

“डाव्या? भाचीच्या लग्नाला निघायचं आन् डाव्या अंगानं गाडी सुरू करायची? अक्कल गहाण ठेवलीस का? इंजिन वळवून बसव. हँडल उजवीकडं पायजे.”

“वळवलं तर त्ये उलटं फिरंल की राव.”

“फिरल्याशी मतलब! इंजिनाला काय कळतंय उजवं-डावं?”

(इंजिनाला कळत नव्हतंच. साऱ्या वस्तीत ते एकट्या कुशाबाला कळत होतं.) सावळेरामनं आणखी एकदा सांगून बघितलं. तिसऱ्यांदा सांगायचं नाही, हा त्याच्या गॅरेजचा नियम.

वेल्डिंग, पट्टे, साखळी करता करता डहाळ्यांचा दिवस उजाडला. दुपारी हौद्यात डहाळ्या भरल्या. साळुबाई आणि भावकीतल्या दोघी नवी लुगडी नेसून वर बसल्या, साळुबाईच्या हातात पाण्याचा कळस. कुशाबानं टोपी सरळ केली, नारळ फोडला, उजव्या अंगानं हँडल मारलं. धाड्, धाड्, धाड्! काळा धूर सोडत इंजिन लागलं. कुशाबाची छाती गजभर झाली. त्यानं पहिला गिअर टाकला आणि गाडी मागं जाऊन पाण्याच्या रांजणावर बसली.

“अगं बया!” हौद्यातून तिघी एकदम ओरडल्या.

“गिअर चुकला आसंल,” कुशाबा म्हणाला आणि दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागं गेली. रांजणाचं आधीच खापर झालं होतं, आता पलीकडचं तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं. रिव्हर्स टाकला तेव्हा कुठं गाडी मुंगीच्या पावलानं पुढं सरकली.

सावळेराम भिंतीला टेकून बिडी ओढत होता. “पुढं एक, मागं चार,” तो शांतपणे म्हणाला. “इंजिन उलटं, गिअर उलटे. म्या सांगितलं व्हतं.”

“मग आता?”

“आता उतरवायचं, वळवायचं, परत बसवायचं. दोन दिस लागतील.”

“अजून येळ गेली न्हाई,” साळुबाई हौद्यातून म्हणाली. “भागूची गाडी आणा.”

“न्हाई म्हंजी न्हाई! एक गिअर पुढं हाय ना? मग झालं तर.”

झालं कसलं! बहिणीचं गाव तिथून सहा किलोमीटर. त्या एका गिअरात गाडी अशी चालली, की शेळ्या घेऊन निघालेली एक म्हातारी तिला मागं टाकून गेली, आणि जाताना तिनं हौद्यातल्या बायकांची चौकशीही केली. डांबरीवर मागून घुंगरं वाजली. गेणभाऊ! बैलांच्या शिंगांना गोंडे, अंगावर झुली, गाडीत डहाळ्यांचा डोंगर.

“का रं कुशाबा, गाडी बंद पडलीय का चाललीय?”

“चाललीय!”

“आसं व्हय? लांबनं कळंना,” म्हणत गेणभाऊ निघून गेला.

कुशाबाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मान चालला होता, डोळ्यांदेखत, बैलांच्या पायांनी! त्यानं दात-ओठ खात रस्त्यातच गाडी वळवली, तोंड शिनोलीकडं केलं, मान वळवून मागं बघितलं आणि तिसरा गिअर टाकला. तीनचाकी पाठमोरी सुसाट सुटली. साळुबाई आता सगळ्यांत पुढं. वारा तोंडावर, पदर भर्रर्र, हातात कळस, ओठांवर नवऱ्याच्या नावानं एकेक शिवी. समोरून भीमाशंकरची एसटी आली. तिच्या ड्रायव्हरनं बस सरळ कडेला घेऊन उभी केली आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं, “ओ पावणं, तुमी येताय का जाताय?”

कुशाबानं गेणभाऊला गाठलं आणि ओलांडलं. मारुतीपुढं पहिला पोचला. ताशा कडाडला. त्याच झोकात त्यानं देवळाला पाठमोरीच एक प्रदक्षिणाही घातली आणि विजयी वीरासारखा थांबला. पारावरून गावचे कुंडलिक आबा काठी टेकत उठले.

“कुशाबा, देवाला उजवं घालून आलास, पण तोंड उलटीकडं. ही प्रदक्षिणा घातली का उसवली?”

झालं! पारावर वाद पेटला. कुणी म्हणे चाकं बरोबर फिरली, चालतंय. कुणी म्हणे ह्यानं आधीची एक कमी केली, आता मारुती ह्याच्याकडं येणं काढणार. शेवटी निवाडा निघाला, की तोंड पुढं करून आणखी एक घालायची. म्हणजे त्या मुंगीच्या गिअरात! ताशेवाल्यांचे हात भरून आले, सनईवाला खाली बसला. तोवर गेणभाऊ आला, हात जोडले, झटक्यात एक फेरी मारली आणि मांडवाकडं निघालासुद्धा.

कुशाबाची प्रदक्षिणा संपली तेव्हा गेणभाऊ मांडवापासून हाकेवर होता. आता मागं-पुढं बघायला वेळ नव्हता. (आणि ह्या गाडीत त्यातलं कुठलं कोणतं, हेही नक्की नव्हतं.) कुशाबानं गाडी वळवली आणि चौथा टाकला. बैल बिचकून बाजूला झाले, बायका-पोरं पांगली, आणि तीनचाकी हौद्याकडून मांडवात शिरली. जीपच्या चाकानं दारातला खांब उडवला. हौदा तोवर आत गेला होता. मांडवाचं अर्धं कापड पडलं ते बरोबर हँडलावरच्या कुशाबावर. इंजिन बंद झालं.

धुरळा बसला. समोर सगळ्यांना दिसली ती साळुबाई. डहाळ्यांवर ताठ बसलेली, कळस हातात, पदर डोक्यावर. जनाबाई, कुशाबाची बहीण, पाण्याचा तांब्या नि ताट घेऊन पुढं आली. चाकावर पाणी घातलं. साळुबाईला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला.

“जने, मी हितं हाय!” कापडाखालून आवाज आला. “मामा! पहिल्या गाडीचा!”

“दादा, तू दम धर,” जनाबाई म्हणाली. “आधी पुढं बसल्यात त्यांचा मान करू दे.”

साळुबाईनं नारळ हातात तोलून बघितला. “नणंदबाई, लई जड हाय,” ती म्हणाली. रांजण फुटल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

दुसऱ्या दिवशी लग्न. कुशाबा नवी टोपी घालून, काल काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं मांडवात वावरत होता. नारळ गेला तो गेला. पण अक्षतांच्या वेळी नवरीमागं उभं राहायचा मान कुणाचा बाप हिरावून घेणार होता? अंतरपाट धरला. भटजींनी माईक तोंडाशी नेला.

“नवरीच्या मामांनी नवरीच्या मागं उभं राहावं!”

कुशाबानं सदरा खाली ओढला आणि निघाला. तेवढ्यात गर्दीतून गेणभाऊ ओरडला,

“त्येला पुढचा गिअर टाका! आपसूक मागं जाईल!”

मांडव एवढा हसला, की मंगलाष्टक भटजींना पहिल्यापासून सुरू करावं लागलं. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होती ती नवरी.