इंधनमित्राची घंटा

जगात वाचवण्यासारख्या गोष्टी दोनच : इंधन आणि माणूस. पैकी इंधनाचा साठा मर्यादित आहे, हे शास्त्राने सिद्ध केलेलं आहे. माणसांची अशी काही टंचाई अद्याप कोणाच्या निदर्शनास आलेली नाही. तेव्हा आधी काय वाचवायचं, याबद्दल विचारी लोकांत दुमत नसावं. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या मनात तर ते कधीच नव्हतं.

म्हणून त्यांनी रुग्णालयाच्या गाड्यांना ‘इंधनमित्र’ बसवून घेतला. यंत्र फार गुणी. अ‍ॅक्सिलरेटरखाली एक दणकट स्प्रिंग असते. चालकाने गरजेपेक्षा जास्त पाय दाबला की ती पायाला खालून वर ढकलते. त्याच वेळी गाडीत मागे एक घंटा वाजते आणि चालकासमोरच्या तबकडीवर आकडा एकाने पुढे सरकतो. गरज किती, हे स्प्रिंग ठरवते. (यंत्र अधीक्षकांच्या मेहुण्याने बनवलेलं आहे, ही निव्वळ अफवा आहे. तो फक्त विकतो.)

रुग्णालयाकडे गाड्या दोन. रुग्णवाहिका, तिच्यावर तुफान. आणि शववाहिका, तिच्यावर काका. तुफान हे नाव सगळ्या कर्मचाऱ्यांनी मिळून ठेवलेलं. गाडी हाणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि आजवर त्याला याचा अभिमान वाटत आला होता. पहिल्या महिन्याच्या अखेरीस तो अभिमान उतरला. काकांच्या तबकडीवर शून्य होतं. तुफानच्या तबकडीवर नऊशेच्या वर.

अधीक्षकांनी काकांना प्रशस्तिपत्रक दिलं आणि तुफानला उभं केलं.

“साहेब, माझ्या गाडीत मागे पेशंट असतो,” तुफान म्हणाला.

“काकांच्याही गाडीत मागे माणूसच असतो,” अधीक्षक म्हणाले. “त्यांच्याबद्दल एक तरी तक्रार आलीय?”

तक्रार एकही आलेली नव्हती. सबब, त्याला पंधरा दिवस काकांच्या शेजारी बसून प्रशिक्षण घेण्याचा हुकूम झाला. त्यानंतरही सुधारणा न आढळल्यास धोबीखान्याची हातगाडी त्याच्याकडे सोपवण्यात येणार होती. (हातगाडीला इंधन अजिबात लागत नाही.)

काका सज्जन माणूस. हातचं काही राखून न ठेवता त्यांनी सगळी विद्या दिली. “हे बघ, पाय असा ठेवायचा, जसा झोपलेल्या पोराच्या अंगावर हात ठेवतो. आणि घाई कशाला रे? पोचून तरी काय करायचंय?” तुफानने मान डोलावली. घरी आई, बायको, दोन पोरं. पोटासाठी माणूस काय काय शिकत नाही?

प्रशिक्षणाचा परिणाम दृष्ट लागण्यासारखा झाला. रुग्णवाहिकेची घंटा नव्वद टक्क्यांनी घटली. याशिवाय काही अनपेक्षित लाभही झाले. अतिदक्षता विभागात खाटा रिकाम्या राहू लागल्या. रक्तपेढीवरचा ताण हलका झाला. बरेच रुग्ण वाटेतच प्रश्न निकालात काढू लागल्याने डॉक्टरांना जेवायला सवड मिळू लागली. शववाहिकेच्या फेऱ्या तेवढ्या दुपटीने वाढल्या, पण काकांचं शून्य हललं नाही. (काकांचा पुन्हा सत्कार.)

नातेवाइकांनाही वळण लागलं. आधी ते “पळवा हो, पळवा” म्हणून ओरडायचे. आता कानाशी घंटा वाजली की एकमेकांकडे ओशाळून बघायचे, जणू आपल्याच माणसाने कुणाच्या घरातलं काही उचललंय. एक गृहस्थ तर पुढे वाकून म्हणाले, “राहू द्या, सावकाश घ्या. उगाच सरकारी डिझेल कशाला जाळायचं?” अशा गृहस्थांवरच समाज उभा असतो. (मागे झोपलेले त्यांचे सासरे होते, हे नोंदवणं आवश्यक आहे.)

एका दुपारी तुफानला निघण्याचा निरोप आला. पत्ता ऐकला आणि तो गाडीकडे धावत सुटला. पत्ता त्याच्याच घराचा होता.

आई शिलाई मशीनवर बसल्या बसल्या एका बाजूला कलंडली होती. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. याच हाताने आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवून तिने त्याला वाढवलं होतं. बायकोने आणि त्याने तिला उचलून गाडीत घातलं आणि तुफानने पाय दाबला. स्प्रिंगने तो परत ढकलला. त्याने पुन्हा दाबला. मागे घंटा बोंबलायला लागली.

“अहो, बंद करा ना ती घंटा!” बायको रडत ओरडली.

“बोंबलू दे तिला!”

आईची जीभ जड झाली होती, तरी तिचं म्हणणं त्याला कळलं. “सावकाश रे... नोकरी जाईल तुझी.”

तुफानच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात (इथे डिझेल अभिप्रेत नाही). गेले कित्येक महिने आपण दुसऱ्यांच्या आया स्प्रिंगचा त्रास पायाला न होऊ देता, आरामात आणल्या, हे त्याला आठवलं आणि स्वतःची शिसारी आली. स्प्रिंग मोडली तर मोडो, म्हणून त्याने सगळा भार पायावर टाकला. स्प्रिंग खरोखरच हरली. गाडी सुसाट निघाली.

आणि मोठ्या चौकाच्या अलीकडे थांबली.

पुढे गाड्या होत्या. भोंगा किंचाळत होता. एका चालकाला वाटलं, शेजारचा सरकेल. शेजारच्याला वाटलं, पुढचा सरकेल. एक जण फोनवर महत्त्वाचं बोलत होता. एक मात्र तत्परतेने बाजूला झाला आणि रुग्णवाहिकेला वाट मिळताच तिच्यापुढे घुसला. तुफानने हात जोडले, शिव्या दिल्या, पुन्हा हात जोडले. पाय दाबायला जागाच नव्हती. घंटा गप्प झाली.

“जीव वाचला,” डॉक्टर नंतर म्हणाले. “पण हात गेला. थोडं आधी आणलं असतं तर...” तुफानने पुढचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी तबकडी तपासली. निम्मा वेळ चौकात उभं राहण्यात गेल्याने एवढ्या लांबच्या फेरीचा आकडा इतका कमी, की काकांनीसुद्धा भुवया उंचावल्या. (उभ्या गाडीचं इंजिनही डिझेल पितं, पण ही बाब इंधनमित्राच्या कार्यकक्षेत येत नाही.) अधीक्षकांनी तुफानची पाठ थोपटली.

“साहेब, हा मान माझा नाही,” तुफान म्हणाला. “पुढे ज्या गाड्या होत्या ना, त्यांचा आहे. त्यांना द्या.”

अधीक्षक न्यायी गृहस्थ आहेत. त्यांना ते पटलं. स्प्रिंगला जे जमलं नाही ते नागरिकांनी एक पैसाही न घेता, जागचं न हलता करून दाखवलं होतं. चौकातल्या कॅमेऱ्यातून सगळ्या गाड्यांचे नंबर मिळाले, प्रशस्तिपत्रकं छापून टपालात पडली. त्यात एक तुमच्या नावचं आहे. अजून पोचलं नसेल, तर राग मानू नका; टपालाच्या गाडीपुढेही तुमच्यासारखंच कोणीतरी उभं असेल.